अवक्षेपण अभिक्रियेचे निव्वळ आयनिक समीकरण लिहिताना काय तोडायचे आणि काय अखंड ठेवायचे?

खडूफळा (प्रश्न)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीच्या मुलांची रसायनशास्त्राची शिकवणी घेते. मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून येतात आणि अकरावीला पुस्तक एकदम इंग्रजी होते, म्हणून पहिले काही महिने मी सर्व मराठीतच समजावते. खाली संज्ञांऐवजी पदार्थांची नावे लिहिली आहेत आणि आयनाचा प्रभार नावापुढे कंसात दिला आहे. अवक्षेपासाठी, म्हणजे द्रावणातून वेगळ्या होणाऱ्या अविद्राव्य घनासाठी, खाली जाणारा बाण वापरला आहे.

निव्वळ आयनिक समीकरणासाठी मी मुलांना जी रीत शिकवली, ती सर्वत्र शिकवतात तीच आहे. आधी संपूर्ण समीकरण संतुलित करायचे, मग पाण्यात विरघळलेले पदार्थ आयनांत तोडायचे, दोन्ही बाजूंना सारखे दिसणारे आयन खोडायचे आणि जे उरेल ते उत्तर म्हणून लिहायचे. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम क्लोराइड या नेहमीच्या उदाहरणात सर्वांचे उत्तर बरोबर आले. त्यानंतर मी चार वेगळी उदाहरणे दिली आणि चारही ठिकाणी गाडी अडली.

लेड नायट्रेट व पोटॅशियम आयोडाइड यांच्या उदाहरणात एका मुलाने दोन आयोडाइड एकत्र बांधून त्यांचा एकच आयन केला आणि त्याला (२−) असा प्रभार दिला. पोटॅशियम नायट्रेट व सोडियम क्लोराइड यांचे समीकरण मुलांनी दुहेरी विस्थापन म्हणून नीट संतुलित केले, पण खोडाखोडी झाल्यावर काहीच उरले नाही, तेव्हा एका मुलीने विचारले की मग आपण आधी लिहिलेली अभिक्रिया खोटी होती का. बेरिअम हायड्रॉक्साइड व मॅग्नेशियम सल्फेट यांच्या बाबतीत नेमके उलटे झाले. तेथे खोडायला एकही आयन सापडेना, म्हणून रीत चुकली असे मुलांनी ठरवले. चौथे उदाहरण ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात अमोनियाचे द्रावण घालण्याचे होते. तेथे मी स्वतः अमोनियम हायड्रॉक्साइड लिहून ते आयनांत तोडले, परंतु उत्तरसूचीत अमोनिया अखंड ठेवलेला होता.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर माझे मलाच पटले नाही. खोडाखोडीच्या रीतीमागे नेमका कोणता विचार आहे, आणि काय तोडायचे हे मुलांनी कशावरून ठरवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुनी परीक्षानळी

मॅडम, त्या मुलीचा प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर सरळ ‘होय’ असे आहे. पोटॅशियम नायट्रेट आणि सोडियम क्लोराइड यांची द्रावणे एकत्र केल्यावर कोणतीही रासायनिक अभिक्रिया होत नाही. मिसळण्यापूर्वी दोन चंचुपात्रांत मिळून चार प्रकारचे आयन मोकळे फिरत होते, आणि मिसळल्यानंतर एकाच चंचुपात्रात तेच चार प्रकारचे आयन मोकळे फिरत आहेत. कागदावर आपण त्यांच्या जोड्या बदलल्या, पण पाण्यात मुळात जोड्याच नव्हत्या.

माझ्या मते साऱ्या घोटाळ्याचे मूळ ‘दुहेरी विस्थापन’ या शब्दात आणि तो समजावताना आपण सांगतो त्या जोडीदारांच्या अदलाबदलीच्या गोष्टीत आहे. त्या गोष्टीमुळे मुलांच्या मनात असे चित्र तयार होते की सोडियमने क्लोराइडचा हात सोडला आणि नायट्रेटचा धरला. प्रत्यक्षात मीठ पाण्यात विरघळले त्याच क्षणी सोडियम आयन आणि क्लोराइड आयन यांचा एकमेकांशी असलेला खास संबंध संपतो, आणि प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचा वेढा पडतो. म्हणून ‘सोडियम क्लोराइडचे द्रावण’ हे बाटलीवर लिहिण्यापुरते नाव आहे, आतील पदार्थाचे वर्णन नव्हे. आयनिक समीकरण हे बाटलीच्या नावाऐवजी आतल्या पदार्थाचे वर्णन करते, आणि निव्वळ आयनिक समीकरण त्या पदार्थात जे खरोखर बदलले तेवढेच सांगते. ते संपूर्ण समीकरणाचे संक्षिप्त रूप आहे असे मुलांना सांगू नये, कारण त्या दोघांत अधिक खरे हेच समीकरण आहे.

हा केवळ लिहिण्याचा संकेत नाही, याचा पुरावा उष्णतेच्या मापनातून मिळतो. सौम्य द्रावणांतून एक मोल सिल्व्हर क्लोराइडचा अवक्षेप तयार होताना सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, मग त्यातील क्लोराइड मिठातून आलेले असो, पोटॅशियम क्लोराइडमधून आलेले असो किंवा हायड्रोक्लोरिक आम्लातून आलेले असो. सोडियम, पोटॅशियम किंवा हायड्रोजन आयन त्या घडामोडीत सहभागी असते, तर तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे यायला हवे होते. ते येत नाहीत, कारण तिन्ही वेळा घडते ते एवढेच:

सिल्व्हर(१+) + क्लोराइड(१−) → सिल्व्हर क्लोराइड ↓

आता आपल्या बेरिअमच्या उदाहरणाकडे वळतो. बेरिअम सल्फेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हे दोन्ही अविद्राव्य आहेत, त्यामुळे चारही आयन कामाला लागतात आणि प्रेक्षक, म्हणजे बदलात भाग न घेता द्रावणात तसाच राहणारा आयन, म्हणून कोणी उरत नाही. रीत चुकलेली नाही. खोडण्याजोगे काही नसणे हेही एक उत्तरच आहे. अशा वेळी एकच लांब समीकरण लिहिण्यापेक्षा दोन स्वतंत्र समीकरणे लिहिणे मला अधिक योग्य वाटते, कारण या दोन घटना एकाच भांड्यात घडत असल्या तरी एकमेकींवर अवलंबून नाहीत:

बेरिअम(२+) + सल्फेट(२−) → बेरिअम सल्फेट ↓

मॅग्नेशियम(२+) + २ हायड्रॉक्साइड(१−) → मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ↓

परीक्षेत मात्र एकत्र समीकरण अपेक्षित असण्याची शक्यता आहे, तेव्हा दोन्हींची बेरीज करून दाखवण्याची सवय मुलांना असावी.

आयोडाइडची चूक ही सूत्रातील आकडा आणि सूत्रापुढचा आकडा यांतील फरक न कळल्याची आहे. लेड आयोडाइडच्या सूत्रात आयोडाइडच्या पायाशी असलेला दोन हा आकडा घन स्फटिकातील प्रमाण सांगतो. द्रावणात दोन आयोडाइड आयन सुटे असतात, म्हणून तो आकडा पायाशी न राहता पुढे येतो आणि प्रत्येकाचा प्रभार (१−) च राहतो. याउलट सल्फेटमधील चार ऑक्सिजन गंधकाला सहसंयुज बंधाने जोडलेले असतात आणि ते पाण्यात सुटत नाहीत. बहुअणुक आयन हा एकसंध मूलक आहे, हे नववीत मूलकांचा तक्ता पाठ करताना मुलांनी ऐकलेले असते, पण येथे ते आठवत नाही.

मीठभाकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवतो, म्हणून वेळ वाचवणारी एक सूचना करतो.

काय तोडायचे हे ठरवण्यासाठी दोन प्रश्न विचारावेत. पदार्थ पाण्यात विरघळतो का, आणि विरघळल्यावर तो जवळजवळ पूर्णपणे आयनरूपात असतो का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तरच तोडायचे. विद्राव्यतेचे नियम तर पाठच हवेत. सोडियम, पोटॅशियम व अमोनियम यांचे नेहमीचे सर्व क्षार आणि सर्व नायट्रेट विरघळतात. क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड बहुधा विरघळतात, परंतु सिल्व्हर, लेड आणि मर्क्युरस यांचे नाहीत. सल्फेटमध्ये बेरिअम, स्ट्रॉन्शियम व लेड हे अपवाद आहेत आणि कॅल्शियम काठावरचा आहे. कार्बोनेट, फॉस्फेट व हायड्रॉक्साइड बहुधा विरघळत नाहीत, पण सुरुवातीला सांगितलेल्या तिघांचे (सोडियम, पोटॅशियम व अमोनियम) कार्बोनेट व फॉस्फेट विरघळतात, सोडियम व पोटॅशियमचे हायड्रॉक्साइड विरघळते, आणि बेरिअम हायड्रॉक्साइडही पुरेसे विरघळते.

मर्क्युरस आयनाबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. त्यात पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडीवर मिळून (२+) प्रभार असतो, म्हणून त्याचे दोन सुटे आयन करू नयेत. आयोडाइडच्या बाबतीत जी चूक झाली, तिची ही उलटी बाजू आहे.

शेवटी दोन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही बाजूंच्या प्रभारांची बेरीज सारखी हवी आणि सहगुणकांना सामाईक भाग जात असल्यास तो काढलेला हवा. ॲल्युमिनियम सल्फेट व बेरिअम क्लोराइड यांच्या संतुलित समीकरणात तीन बेरिअम, तीन सल्फेट आणि तीन बेरिअम सल्फेट येतात. कित्येक मुले तो तीन उत्तरात तसाच ठेवतात आणि हातचा गुण घालवतात.

मुलांना प्रेक्षक आयन समजावताना मी लग्नाचे उदाहरण देतो. मांडवात वऱ्हाड कितीही असले, तरी लग्न लागते ते दोघांचेच.

चुन्याची निवळी

मीठभाकर, आपला लग्नाचा दृष्टान्त वर्गात हशा मिळवेल, परंतु त्यातून तोच जुना गैरसमज पुन्हा घरात येतो असे मला वाटते. वऱ्हाडी हा मुलाकडचा किंवा मुलीकडचा असतो. द्रावणातील सोडियम आयन कोणाकडचाच नसतो. शिवाय वऱ्हाडाशिवाय लग्न लागू शकते, पण प्रेक्षक आयनांशिवाय द्रावण असू शकत नाही, कारण नुसत्या सिल्व्हर आयनांची बाटली कोणत्याही दुकानात मिळणार नाही. धन प्रभाराचा तोल सांभाळायला तेवढाच ऋण प्रभार सोबत हवाच, आणि अवक्षेप गाळून उरलेले पाणी आटवले तर याच ‘प्रेक्षकांचे’ सोडियम नायट्रेट स्फटिकरूपाने हाती येते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे ‘पूर्णपणे आयनरूपात असतो का’ याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मॅडमना अमोनियाच्या बाबतीत आलेली अडचण तेथेच आहे. अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो, पण ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) द्रावणात शंभरातील एखाद-दुसराच रेणू पाण्याशी क्रिया करून अमोनियम व हायड्रॉक्साइड हे आयन देतो. उरलेला सर्व अमोनिया रेणूरूपातच असतो. बाटलीवर ‘अमोनियम हायड्रॉक्साइड’ असे लिहिण्याची प्रथा जुनी आहे आणि तिनेच आपली दिशाभूल केली. म्हणून समीकरण असे होते:

ॲल्युमिनियम(३+) + ३ अमोनिया + ३ पाणी → ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड ↓ + ३ अमोनियम(१+)

दोन्ही बाजूंना प्रभार (३+) आहे. हाच अवक्षेप सोडियम हायड्रॉक्साइड वापरून तयार केला, तर हायड्रॉक्साइड आयन थेट लिहावे लागतात, आणि ते जास्त झाल्यास अवक्षेप पुन्हा विरघळून द्रावण निवळते. अमोनिया जास्त घातला तरी तसे सहसा होत नाही. दोन समीकरणे वेगळी का लिहायची, हे मुलांना दोन परीक्षानळ्या शेजारी धरल्यावर डोळ्यांनी दिसते.

याच कसोटीवर सल्फ्युरिक आम्लही तपासून पाहावे. ते तीव्र आम्ल आहे असे म्हणून आपण त्याचे दोन हायड्रोजन आयन व सल्फेट असे सरळ तुकडे करतो. त्याचा पहिला हायड्रोजन आयन पूर्णपणे सुटतो, परंतु ०.१ मोलर द्रावणात दुसरा सुटण्याचे प्रमाण सुमारे दहा टक्केच असते, म्हणजे त्या द्रावणात सल्फेटपेक्षा बायसल्फेट (एक हायड्रोजन अजून न सुटलेले सल्फेट) आयन कितीतरी अधिक असतात. बेरिअम आयन आल्यावर सल्फेट अवक्षेपात जाते आणि बायसल्फेटमधून नवे सल्फेट सुटत राहते, त्यामुळे अखेरचा हिशेब बदलत नाही. शालेय पातळीवर सल्फेट लिहिलेले चालते आणि चालावेही, पण एखाद्या चौकस मुलाने बायसल्फेट लिहिले तर त्याचे उत्तर चूक ठरवू नये.

‘अविद्राव्य’ हा शब्दही जपून वापरायला हवा. सिल्व्हर क्लोराइड एक लिटर पाण्यात सुमारे २ मिलिग्रॅम विरघळते, तर लेड क्लोराइड खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे १० ग्रॅम विरघळते. नियमांच्या तक्त्यात दोघे एकाच रांगेत बसतात. ०.०२ मोलर लेड नायट्रेट आणि ०.०२ मोलर सोडियम क्लोराइड यांची समान आकारमाने एकत्र केली, तर तक्ता काहीही म्हणो, अवक्षेप दिसणार नाही. त्याच संहतीला सिल्व्हर नायट्रेट घेतले तर द्रावण लगेच दुधासारखे होते. म्हणजे समीकरण बरोबर लिहिले म्हणून अभिक्रिया घडतेच असे नाही. आयन किती आहेत हेही पाहावे लागते, आणि ती माहिती समीकरणात नसते.

आयन द्रावणात स्वतंत्रपणे असतात ही कल्पना आज सहावी-सातवीच्या मुलालाही सांगता येते, पण तिचे बीज ज्या प्रबंधात होते तो स्वान्ते अर्हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केला, तेव्हा परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली होती. पुढे १९०३ मध्ये याच विचारासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांना हे पटायला एक तास अधिक लागला, तर त्यात नवल नाही.

जुनी परीक्षानळी

बायसल्फेटची दुरुस्ती मान्य आहे. मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली, म्हणून मुलांना दाखवता येईल असा एक प्रयोग सुचवतो. बेरिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात दोन कार्बन कांड्या बुडवून परिपथात छोटा दिवा जोडावा आणि थेंबाथेंबाने सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालत जावे. दिवा मंद होत जातो, एका क्षणी जवळजवळ विझतो आणि आम्ल जास्त झाले की पुन्हा उजळतो. बेरिअम व सल्फेट अवक्षेपात गेले, हायड्रोजन व हायड्रॉक्साइड यांचे पाणी झाले, वीज वाहून न्यायला कोणी उरले नाही. प्रेक्षक आयन नसलेले समीकरण कसे दिसते, हे याहून चांगले मला तरी दाखवता आले नसते. मिठाच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घालून हाच प्रयोग केला तर दिवा विझत नाही, कारण सोडियम व नायट्रेट आयन तेथे असतातच.

काही दक्षता घ्याव्यात. विद्राव्य बेरिअम क्षार विषारी असतात. पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी रुग्णाला बेरिअम सल्फेट पाजतात ते मात्र निर्धोक असते, कारण त्यातील बेरिअम मोकळा होत नाही. आयन मोकळा असणे आणि स्फटिकात अडकलेला असणे यांतील अंतर मुलांना सांगायला हे उदाहरण कामी येते. दुसरे म्हणजे लेडची द्रावणे मोरीत ओतू नयेत, वेगळ्या बरणीत साठवावीत. आणि सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण नळाच्या पाण्यात करू नये. त्या पाण्यातील क्लोराइडमुळे ते आधीच गढूळ होते आणि मग मुले कशात काय घातले म्हणून काय झाले ते विसरतात.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. ‘पाण्यात मुळात जोड्याच नव्हत्या’ हे वाक्य मी उद्याच फळ्यावर लिहिणार आहे. मोरचूद, तुरटी आणि मॅग्नेशियम सल्फेट यांच्या तीन द्रावणांत बेरिअम क्लोराइड घालून मुलांना तिन्ही समीकरणे लिहायला सांगण्याचाही विचार आहे. उत्तर एकच येते हे त्यांना स्वतः सापडावे असे वाटते. दिव्याचा प्रयोग मात्र आमच्याकडे साहित्य मिळाल्यावर करेन.

एक शंका राहिली. चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर ती दुधाळ होते आणि वायू सोडत राहिल्यास पुन्हा निवळते. येथे वायू आणि अवक्षेप दोन्ही आहेत. कॅल्शियम हायड्रॉक्साइड तर पाण्यात फार थोडे विरघळते. मग ते तोडायचे की अखंड ठेवायचे?

चुन्याची निवळी

माझ्या नावाचाच प्रश्न आला, त्यामुळे उत्तर देणे भागच आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरला दीड-दोन ग्रॅम इतकेच विरघळते हे खरे आहे, परंतु निवळी म्हणजे न विरघळलेला चुना खाली बसू देऊन वरून काढून घेतलेले स्वच्छ द्रावण होय. त्यात जेवढे काही आहे ते विरघळलेले आणि आयनरूपातच आहे, म्हणून तोडायचे. हाच चुना पाण्यात कालवून पांढरे दूध केले असते, तर त्यातील घन भाग अखंड लिहावा लागला असता. पदार्थ तोच आहे. तो भांड्यात कोणत्या अवस्थेत आहे यावर लिखाण बदलते. कार्बन डायऑक्साइड रेणूरूपातच लिहायचा:

कॅल्शियम(२+) + २ हायड्रॉक्साइड(१−) + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट ↓ + पाणी

येथेही प्रेक्षक आयन नाहीत. वायू पुढे सोडत राहिल्यावर अवक्षेप हाच अभिकारक होतो आणि त्या वेळी तो घन असल्यामुळे डावीकडे अखंड लिहावा लागतो:

कॅल्शियम कार्बोनेट (घन) + कार्बन डायऑक्साइड + पाणी → कॅल्शियम(२+) + २ बायकार्बोनेट(१−)

या दुसऱ्या समीकरणाच्या उजव्या बाजूला ‘कॅल्शियम बायकार्बोनेट’ असे एकत्र लिहू नये. तो पदार्थ घनरूपात वेगळा काढता येत नाही, त्याचे अस्तित्व द्रावणातील आयनांपुरतेच आहे. मुलांना घरचे उदाहरण हवे असल्यास बोअरचे पाणी रोज तापवतात ते भांडे आणायला सांगावे. तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, हेच समीकरण उजवीकडून डावीकडे चालते आणि तळाशी पांढरा थर धरतो. त्यावर लिंबाचा रस पिळला की तो फसफसतो, आणि त्याचे समीकरण लिहिताना सायट्रिक आम्ल तोडायचे की अखंड ठेवायचे, हे अमोनियाच्या उदाहरणावरून मुलांना स्वतःच ठरवता येईल.